दस्तगीरमामांच्या खिशातला आवाज

दस्तगीरमामा उजव्या खिशात काहीतरी लपवतात, हे राजसीला सोमवारीच कळलं होतं. बुधवारपर्यंत तिची खात्रीच पटली. मामा मागावर वाकले की खिशातून बारीक 'टिक्' असा आवाज यायचा. धातूवर धातू आपटल्यासारखा. आता आठ यंत्रमागांच्या खटखटाटात तो आवाज ऐकू येणं शक्यच नाही, असं तुम्ही म्हणाल. पण राजसी बुगड या मागांच्या शेजारच्या खोलीतच लहानाची मोठी झाली होती. खटखटाट बाजूला सारून मधलं ऐकायची तिच्या कानांना सवयच होती.

आणि मामा मधूनमधून पाठ फिरवायचे. तीच खरी भानगड होती! मागात इकडून तिकडे धावत आडवा दोरा टाकणारा लाकडी धोटा, त्यातली सुताची कांडी संपली की माग थांबायचा. मामा नवी कांडी घ्यायचे, भिंतीकडे तोंड करायचे, दोन सेकंद काहीतरी करायचे आणि वळायचे. रुमाल खिशात जाताना दिसायचा. मग खोकायचे.

"रुमालात काय असणार?" राजसीने आत्तीला विचारलं.

"तूच सांग, डॉक्टरीणबाई," आत्ती म्हणाली. पण हसली नाही. सुनंदाआत्ती कारखान्याची मालकीण. राजसीचे आईबाबा तिरुपूरला कामाला गेल्यापासून राजसी तिच्याचकडे होती. २०३८ साल उजाडलं तरी अख्ख्या इचलकरंजीत मोजकेच धोट्याचे जुने माग उरले होते, त्यातले आठ आत्तीचे. धोट्यावर विणलेल्या कापडाची किनार पक्की येते म्हणून परदेशातले शौकीन लोक ते कापड मागवायचे. त्यामुळे बाकीच्यांनी भंगारात घातलेले माग आत्तीकडे अजून दणक्यात चालू होते.

मामांवर संशय का, ते भिंतीकडे बघितलं की कळत होतं. तिथे राजसीने पांढऱ्या पुसायच्या बोर्डावर स्वतःच्या हाताने केलेला तक्ता लावला होता. बारा नावं, प्रत्येकापुढे दर सोमवारचा आकडा, क्रम पहिल्या सोमवारचा. हिरवी टिकली म्हणजे उत्तम, लाल म्हणजे धोका. सगळ्यात वर राजसी, एकसष्ट. मग आत्ती. आणि अगदी तळाला, एकटी लाल टिकली लावलेले दस्तगीर मुल्ला, एकोणीस.

हे सगळं सुरू झालं तीन आठवड्यांपूर्वी, शाळेत. क्षयरोगाच्या तपासणीसाठी आलेलं 'पहारा' नावाचं यंत्र. साबणाच्या डबीएवढं! बोटातून रक्ताचा एक थेंब घ्यायचा, काचेच्या पट्टीवर टाकायचा, पट्टी डबीत सरकवायची. आत त्या थेंबातल्या ठरावीक पेशींना चमकणारा रंग चिकटायचा, बारीक लेझर त्या मोजायचा आणि चार मिनिटांत पडद्यावर आकडा.

विज्ञानाच्या हुक्केरी मॅडमनी तेव्हा फळ्यावर एक मोठी गोल पेशी काढली होती.

"ही भक्षक पेशी. कुठलाही जंतू दिसला की गिळते. पण क्षयाचा जंतू महाबिलंदर. तो गिळला जातो आणि तिच्या पोटातच बिऱ्हाड करतो. म्हणजे चोर कुठे लपला? पोलीस चौकीत!"

वर्ग खिदळला.

"आता त्याला शोधणार कोण? शरीरात काही रक्षक असे असतात, की त्यांना आधी चोराचा फोटो लागतो. फोटो मिळून तयारी होईपर्यंत दोन-तीन आठवडे जातात. पण या दुसऱ्या बघा, नैसर्गिक मारक पेशी. यांना फोटोबिटो लागत नाही. या गस्त घालतात आणि भेटेल त्या पेशीचं ओळखपत्र तपासतात. ओळखपत्र गायब दिसलं, किंवा पेशीने अंगावर 'मी संकटात आहे' अशी खूण लावलेली दिसली, की संशय! मग तिला भोक पाडायचं, आत विषारी प्रथिनं सोडायची. पेशीही गेली आणि आतला चोरही."

राजसी बाकावरून जवळजवळ उभीच राहिली. सगळ्यांवर संशय घेणाऱ्या पेशी! तिला त्या एकदम आपल्याच वाटल्या.

"आणि ओळखपत्र दिसलं तर?" तिने विचारलं.

"तर सोडून द्यायचं आणि पुढे जायचं. तेही त्यांचं कामच आहे," मॅडम म्हणाल्या. हे वाक्य मात्र राजसीच्या डोक्यात शिरलं नाही, कारण तेवढ्यात तिच्या पट्टीचा आकडा आला होता. एकसष्ट. वर्गात पहिली!

आता दहावीच्या मुलीच्या हातात आकडा दिला की ती त्याचा नंबर लावणारच. चाचणीचे गुण, वजन, उंची, धावण्याची वेळ, सगळ्यात जास्त की कमी हे ठरलेलं असतं. मारक पेशी जितक्या जास्त तितकं चांगलं, यात विचारायचं काय? गेल्या वर्षीपर्यंत वर्गात तोंड न उघडणारी राजसी त्या दिवशी हात वर करून म्हणाली, "मॅडम, आमच्या कारखान्यातल्या लोकांचं मी मोजू का?" मॅडम खूश झाल्या. दर सोमवारी मोजायचं ठरलं. बरोबर एक पुस्तिका दिली. राजसीने पहिलं पान वाचलं. पट्टी कशी सरकवायची ते त्या पानावरच होतं.

हिरव्या आणि लाल टिकल्या तिच्या स्वतःच्या डोक्यातून निघाल्या. पंचविसाच्या वर हिरवं, खाली लाल. पंचवीसच का? तर पस्तीसला पास असतं, म्हणून थोडी सवलत.

पहिल्या आठवड्यात सगळे लाल टिकलीवर हसले. दुसऱ्या आठवड्यात शेवंताकाकूंनी कांड्या भरायचं आपलं यंत्र मामांच्या मागापासून लांब, पार दाराशी नेलं. मामांचा पाण्याचा पेला कुणीतरी खिडकीत वेगळा ठेवला. कुणी ठेवला ते कुणी सांगेना. मामांनी काही विचारलं नाही. ते पाणी पिऊन पेला परत खिडकीतच ठेवू लागले, आणि राजसीला त्यातही काळंबेरं दिसलं. गुन्हा नसेल तर माणूस भांडणार नाही का?

तर, बुधवार. दुपारचे साडेचार. मामांच्या मागाची कांडी संपली. ते भिंतीकडे वळले. राजसी आधीच सुताच्या पेट्यांमागे दबा धरून बसली होती.

"मामा! काय आहे हातात? दाखवा!"

मामा एवढे दचकले की धोटाच खाली पडला. बाकीचे माग एकेक करून थांबले. सगळी माणसं गोळा झाली. मामांच्या मुठीत रुमाल. राजसीला वाटलं, आता रक्ताचे डाग दिसणार.

मामांनी रुमाल उलगडला. आत तारेचा एक बारीक हूक होता. टोकाला वाकवलेला, झिजून चकाकणारा.

"हे काय?" आत्ती पुढे आली.

"दोरा ओढायला," मामा म्हणाले.

सगळे हसतच सुटले. कारण धोट्याच्या बारीक भोकातून दोरा कसा काढतात, हे मागावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. धोटा तोंडाला लावायचा आणि सुर्र करून श्वास आत ओढायचा, की दोरा ओठांवर येतो. एक सेकंदाचं काम. आत्तीने राजसीला ते आठव्या वर्षीच शिकवलं होतं.

"हुकानं? अहो, तीस वर्षं काम करतायसा की तीन दिवस?" शेवंताकाकू पदराआडून हसत म्हणाल्या. "म्हणून पाठ फिरवत होता व्हय!"

"हसत्यात म्हणूनच फिरवत होतो." मामांनी हूक पुन्हा गुंडाळला. "माझा बाप मागावरच गेला. छातीच्या रोगानं. त्या वक्ताला म्हातारे म्हणायचे, धोट्यातनं रोग येतो. आज तू तोंड लावायचा, उद्या मी लावायचा. खरं काय, खोटं काय, मला ठावं न्हाई. आईनं शपथ घातली, धोट्याला तोंड लावायचं न्हाई. झालं."

राजसीचा चेहरा उतरला. पण संशय तेवढ्याने जातोय थोडाच! तो एक हूक. मग टिक् आवाज कशाचा? एकटी तार रुमालात वाजत नाही. खिशात आणखी काहीतरी आहेच.

आत्ती मात्र तक्त्याकडे बघत होती. "ते सगळं खरं, मामा. पण आकडा लाल आहे. खोकताय पण. बाकीच्यांच्या घरी लेकरंबाळं आहेत. तुम्ही थोडे दिवस घरीच बसा."

"सुताची पूस उडती, नाकातोंडात जाती, खोकला कुणाला न्हाई, सुनंदाक्का?"

मामांनी धोटा उचलला, पुसला, मागावर ठेवला. आणि निघाले. दारातून जाताना खिसा पुन्हा वाजला. टिक्.

पुढच्या सोमवारी राजसीने नेहमीप्रमाणे सगळ्यांची बोटं टोचली. तिचा स्वतःचा आकडा साठ. शेवंताकाकू अठ्ठेचाळीस. आत्ती तेहतीस.

हिरवी टिकली लावायला तिने हात वर केला आणि तो तिथेच थांबला. आत्तीच्या ओळीत आधीचे आकडे होते: अठ्ठावन्न, एकावन्न, बेचाळीस. आणि आता तेहतीस. चारही हिरवे. पण हे जिन्यावरून कुणीतरी उतरत चालल्यासारखं दिसत होतं. मामांच्या ओळीत एकोणीस, वीस, एकोणीस. लाल, पण जागचे हललेले नाहीत.

यंत्रच बिघडलं असणार! तिने आत्तीचं आणखी एक बोट टोचलं. चौतीस. आणखी एक. तेहतीस.

"ए बाई, चाळणी करतेस काय माझी?" आत्ती ओरडली आणि कामाला निघून गेली. जाताना तिने खांद्यावरून घसरणारा ब्लाउज वर ओढला. त्याला मागून सेफ्टी पिन लावली होती. गेल्या महिन्यात ती पिन नव्हती. राजसीला आता पिनचाही संशय यायला लागला.

तिने पुस्तिका उघडली. या वेळी दुसरं पान. मग तिसरं. मग ती सायकल काढून थेट हुक्केरी मॅडमच्या घरी गेली.

मॅडमनी तक्त्याचा फोटो बघितला. बराच वेळ बघितला.

"या टिकल्या कुणी लावल्या?"

"मी. जास्त म्हणजे चांगलं ना?"

"राजसी, एका घराबाहेर दोन पहारेकरी आहेत आणि दुसऱ्या घराबाहेर पन्नास. तुला काय वाटेल?"

"दुसरं घर जास्त सुरक्षित."

"की दुसऱ्या घरात चोर शिरलाय?"

राजसीने फोटोतला आपल्या ओळीतला एकसष्ट पुन्हा वाचला.

मॅडमनी सावकाश समजावलं. क्षयाचा जंतू ज्याच्या शरीरात कधी शिरलाच नाही, त्याच्या मारक पेशी साध्याच असतात. या यंत्रावर पंधरा-वीस. जंतू शिरलाय पण शरीराने त्याला कोंडून ठेवलाय, अशा माणसात मारक पेशींची फौज वाढते. पन्नास, साठ. तो माणूस ठणठणीत असतो. त्याच्यापासून कुणाला लागण होत नाही. बहुतेकांचं आयुष्य असंच जातं. पण ज्याची फौज आधी मोठी होती आणि आता कमी होत चाललीय, त्याच्याकडे लक्ष द्यायचं. पहारा सुटत चाललाय, चोर बाहेर पडायच्या बेतात आहे. खोकला सुरू होण्याच्या कितीतरी महिने आधी ही घसरण दिसते. यंत्र बनवलंय ते त्यासाठी. उतरणीसाठी. एकेका आकड्याला काही अर्थ नाही.

"म्हणजे माझ्यात..."

"आहे. झोपलेला. आपल्याकडे असे लाखो लोक आहेत, घाबरू नकोस."

"आणि मामा?"

"एकोणीस, वीस, एकोणीस. तुमच्या सगळ्या कारखान्यात ज्याला हा जंतू भेटलेलाच नाही, असा तो एकच माणूस दिसतोय."

"हुकामुळे?"

"ते मी सांगू शकत नाही. हा रोग मुख्यतः हवेतून पसरतो. धोट्याचा संशय जुना आहे, पण खात्री कुणी दिली नाही. आत्तींचं आधी बोल. आकडा इतर कारणांनीही उतरतो. म्हणून छातीचा फोटो आणि थुंकीची तपासणी या आठवड्यातच. लवकर सापडलं तर गोळ्यांनी पूर्ण बरं होतं. उशीर करू नको."

आत्ती स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. राजसीने सगळं एका दमात सांगितलं. आत्तीचा हात परातीत तसाच थांबला.

"मला काय धाड भरलीय?"

"संध्याकाळी अंग गरम असतं तुझं. काल कूकरची शिट्टी व्हायच्या आत झोपलीस. आणि ही पिन? वजन उतरलंय तुझं."

"माझ्यावर पाळत ठेवतेस?"

"सगळ्यांवरच ठेवते," राजसी म्हणाली. "चुकीच्या माणसावर जास्त ठेवली."

आत्तीने भाकरी तव्यावर टाकली. पाठमोरी राहूनच बोलली. "ऐक राजशे. मामांना बोलावून घेऊ. सांगू, यंत्र बिघडलं होतं. मी गुपचूप सांगलीला जाऊन तपासून येते. इथे कुणाला कळायला नको."

"यंत्र बिघडलं नव्हतं. मी बिघडवलं."

"मग काय बोर्डावर लावणार मला? लाल टिकली? माझा पेला कुठल्या खिडकीत ठेवणार, तेही ठरवून ठेव!"

तेव्हा राजसीला पहिल्यांदा कळलं, की आत्तीला रोगाची भीती नव्हती. तिला त्या तक्त्याची भीती होती. आणि तो तक्ता तर राजसीने रंगीत पेनांनी, नक्षी काढून, केवढ्या हौसेने केला होता!

यंत्र बिघडलं असं सांगितलं, तर मामांना कामावर घेतील. पण लोकांच्या मनात 'काय सांगावं' राहणारच. खरं सांगितलं, तर हिरवी टिकली म्हणजे काय ते सगळ्यांना कळेल आणि आत्तीच्या ओळीतला जिनाही कुणीतरी वाचेलच. राजसीने भाकरी खाल्ली नाही.

सकाळी माग सुरू व्हायच्या आधी ती तक्त्यासमोर उभी राहिली. नऊ माणसांसमोर. हातात ओला फडका. आधी तिने आत्तीची ओळ पुसली, मग शेवंताकाकूंची, मग एकेक करत सगळी. राहिली फक्त एक. राजसी, एकसष्ट, एकसष्ट, एकसष्ट, साठ.

"हा आकडा चांगला नाही," ती म्हणाली. "म्हणजे वाईटही नाही. माझ्या अंगात क्षयाचा जंतू आहे. झोपलेला आहे, माझ्यापासून कुणाला काही होणार नाही. पण आहे. मोठा आकडा म्हणजे तेच. मला ते माहीत नव्हतं आणि मी टिकल्या लावल्या. मामांना जंतू कधी भेटलेलाच नाही. ते इथले सगळ्यात... मी चुकले."

शेवंताकाकूंनी हळूच स्वतःच्या बोटाकडे बघितलं.

"माझा किती होता ग?" त्यांनी विचारलं.

"तुमचा तुम्हाला एकटीला सांगेन. कागदावर लिहून."

"आणि हिचा पेला कुठं ठेवायचा?" मागून कुणीतरी म्हणालं. थट्टा होती की खरंच, कळायला मार्ग नव्हता.

"माझ्या पेल्याशेजारी," आत्ती म्हणाली. ती कधी आत आली ते राजसीला कळलंच नव्हतं. "माझ्यात पण आहे. आणि माझा जागा व्हायला लागलाय. आज तपासायला चाललेय. कुणाला घरी बसायचं असेल तर बसा, मी अडवणार नाही. आपण मामांना घरी बसवलं तेवढं बास झालं."

माग त्या दिवशी वीस मिनिटं उशिरा सुरू झाले. पण आठच्या आठ... नाही, सातच सुरू झाले.

आठव्या मागाचा माणूस आणायला राजसी स्वतः गेली. मामा घराच्या पायरीवर बसून नातवाची सायकल दुरुस्त करत होते. तिने सगळं सांगितलं, माफी मागितली, रडलीसुद्धा थोडी. मामा स्पोक घट्ट करत राहिले.

"आता संशय कुणावर?" त्यांनी विचारलं.

"माझ्यावर. दर सोमवारी."

"बरंय." त्यांनी चाक फिरवून बघितलं. "येतो. पण माझं बोट आता तुला मिळायचं न्हाई, पोरी."

"नको," राजसी म्हणाली. हे वाक्य तिला फार लागलं. आणि ते लागायलाच हवं होतं, हेही तिला कळत होतं.

आत्तीच्या छातीच्या फोटोत उजवीकडे वर एक पुसट ढग दिसला. चहात दुधाचा एकच थेंब पडावा तेवढा. थुंकीत जंतू सापडले नाहीत. "आणखी तीन महिने थांबला असतात, तर वेगळं बोललो असतो," डॉक्टर म्हणाले आणि गोळ्या लिहून दिल्या.

पंधरा दिवस विश्रांती घेऊन आत्ती कारखान्यात आली तेव्हा एक माणूस रजेवर होता. ती रिकाम्या मागावर बसली. मामांच्या समोरच्याच. कांडी संपली, नवी घातली, आणि सवयीने धोटा ओठांपाशी नेला. अर्ध्यातच थांबली. धोट्याकडे बघत राहिली. तीस वर्षांत ती दुसरी रीत शिकलीच नव्हती.

मामांनी मान वर केली नाही. नुसता हात लांब केला. तळहातावर तारेचा हूक.

आत्तीने दोरा ओढला. तीनदा निसटला, चौथ्यांदा आला. तिने हूक परत द्यायला हात पुढे केला.

"ठेवा," मामा म्हणाले. "माझ्याकडं माझा हाय."

राजसी दाराशी दप्तर घेऊन उभी होती. तिने कान देऊन ऐकलं. मामा मागावर वाकले, सरळ झाले, पुन्हा वाकले. खिसा वाजला नाही.

म्हणजे दोन होते. पहिल्यापासून दोन. एक स्वतःसाठी, आणि एक, कुणी मागितलाच तर द्यायला. तीस वर्षं ते रोज दोन हूक घेऊन येत होते, आणि कुणी मागितला नव्हता.